गाडीच्या घड्याळावर चालणारा कौसा

रात्री आठ-साडेआठला मुंब्रा स्थानकावर धीमी गाडी थांबली की पुलावर पाय ठेवायला जागा राहत नाही. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या खांद्यावर मालाची पिशवी, कुणाच्या बगलेत मुलांसाठी घेतलेला खाऊ. स्थानकाबाहेर शेअर रिक्षावाल्यांची एकच आरोळी असते, "कौसा, कौसा!" एका रिक्षात माणसे भरतात, दुसरी लागते, आणि तास-दीड तासात हा सारा लोंढा जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने कौसाच्या गल्ल्यांत जिरून जातो. या लोंढ्याच्या खिशात जे उरलेले असते त्यावर कौसाचा बाजार चालतो. म्हणूनच येथील दुकानदार घड्याळ पाहत नाही, गाडी पाहतो.

आमच्या व्यापारी बंधूंपैकी अनेकांचा कौसाशी संबंध येतो. कुणाचे घर तेथे आहे, कुणाचे गिऱ्हाईक, कुणाचे कारागीर. परंतु व्यापाराच्या नजरेने या वस्तीकडे आपण क्वचितच पाहतो. आज तेच करावयाचे आहे.

गाव होते, उपनगर झाले

मुंब्रा आणि कौसा ही मुळात खाडीकाठची आणि पारसिकच्या डोंगराखालची गावे. कौसात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती, आसपास आगरी-कोळी बांधव. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली आणि १८५४ मध्ये रूळ कल्याणपर्यंत गेले, ते मुंब्र्यावरूनच. पुढे १९१६ साली पारसिकचा मोठा बोगदा खुला झाला. जलद गाड्या बोगद्यातून जाऊ लागल्या आणि मुंब्रा धीम्या मार्गावर राहिला. येथील प्रवाशाचा आणि व्यापाऱ्याचा दिवस या एका गोष्टीने ठरवला, हे लक्षात ठेवले पाहिजे.

१९८२ साली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हापासून मुंब्रा-कौसा ठाणे शहराचा भाग आहे. खरी वाढ झाली ती १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींनंतर. ज्यांची घरे गेली, ज्यांना जुन्या मोहल्ल्यात राहण्याची भीती वाटू लागली, अशी कुटुंबे मोठ्या संख्येने येथे आली. मुंबईत खोली घेणे परवडत नव्हते, येथे परवडत होते. स्थानकाजवळची जागा भरली तशी वस्ती अमृत नगर, रशीद कंपाऊंड, शिमला पार्क, चांद नगर करीत शीळफाट्याच्या दिशेने सरकत गेली. इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. नळ, गटार आणि रस्ते मात्र मागाहून आले. कागदपत्रे तर कित्येक ठिकाणी आलीच नाहीत. त्या विषयाकडे पुढे वळू.

दुकानाची वेळ गाडी ठरवते

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथून सुमारे चाळीस किलोमीटरवर. धीम्या गाडीने तासाभराचा, कधी त्याहून जास्त प्रवास. म्हणजे ज्याला मस्जिद बंदर किंवा भायखळ्याला नऊ वाजता दुकान उघडायचे आहे, तो साडेसातच्या आत घर सोडतो आणि रात्री नऊपर्यंत परततो. वस्तीतील कमावत्या पुरुषांचा मोठा भाग दिवसभर वस्तीत नसतोच.

याचा परिणाम पाहा. पहाटे फजरनंतर चहा, पाव आणि दूध यांची दुकाने जोरात असतात. आठनंतर शाळेची मुले गेली की बाजार थंड होतो. अकरा ते एक या वेळेत घरातील स्त्रिया भाजी, किराणा आणि कापडाला बाहेर पडतात. जोहरनंतर पुन्हा शांतता. असरनंतर थोडी हालचाल, आणि खरा बाजार मगरिबनंतर. इशाची नमाज झाली की दुकानांवर गर्दी होते आणि अकरा-साडेअकरापर्यंत शटर खाली येत नाही. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत रोखीचे गिऱ्हाईक येते, वीस तारखेनंतर उधारीचे. रमजानमध्ये तर रात्रच दिवस होते.

जो नवा दुकानदार मुंबईच्या पद्धतीने सकाळी दहाला उघडून रात्री आठला बंद करतो, तो थोड्याच महिन्यांत "कौसात धंदा नाही" म्हणत निघून जातो. धंदा असतो, पण तो दुकान बंद झाल्यावर गाडीतून उतरतो.

गाडी गिऱ्हाईक आणते, गिऱ्हाईक नेतेही

येथील व्यापाऱ्याची दुसरी अडचण अधिक खोल आहे. जो माणूस रोज मोहम्मद अली रोड, क्रॉफर्ड मार्केट किंवा मंगलदास मार्केटच्या शेजारी काम करतो, त्याला कापड, अत्तर, चप्पल, भांडी तेथेच स्वस्त मिळतात. तो येताना पिशवीत घालून आणतो. म्हणजे कौसाच्या दुकानदाराची स्पर्धा शेजारच्या दुकानाशी नाही. ती थेट मुंबईच्या ठोक बाजाराशी आहे, आणि तेथे जाण्याचे भाडे गिऱ्हाइकाने मासिक पासात आधीच भरलेले आहे!

मग येथे कोण टिकले? आम्ही अनेक वर्षे या भागातील दुकानांना माल देत आलो आहोत. आमच्या पाहण्यात असे आले की, ज्याने केवळ वस्तू विकली तो मागे पडला, ज्याने वस्तूबरोबर काम विकले तो उभा राहिला. सूटचे कापड गिऱ्हाईक मंगलदासमधून आणील, पण त्याला जुळणारे अस्तर, दुपट्ट्याची किनार, साडीचा फॉल-पिको, बुरख्याची शिलाई आणि ईदच्या तोंडावर ढिले-घट्ट करून देणे यासाठी तो पुन्हा मुंबईला जाणार नाही. शाळेचा गणवेश मुलाच्या मापाने आजच हवा असतो. आणलेला तुकडा अर्धा मीटर कमी पडला तर तोच रंग जवळ मिळाला पाहिजे. जेथे गिऱ्हाइकाला दोनदा यावे लागते, तेथे जवळचे दुकान जिंकते.

म्हणून कापडाच्या बंधूंना आमचा सल्ला असा की, कौसात ताक्यांच्या थप्प्या लावून मुंबईशी भावाची बरोबरी करू नका. माल कमी ठेवा, रंगांची निवड जास्त ठेवा, आणि दुकानात किंवा दुकानाला लागून एक चांगला शिंपी बसवा. कापडाचा गिऱ्हाईक भाव पाहून निसटतो, शिंप्याचा गिऱ्हाईक पिढीभर टिकतो.

काम घराजवळ आले पाहिजे

गाडीवर अवलंबून राहण्याची किंमत नुसत्या वेळेत मोजून भागत नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर, दोन भरलेल्या लोकल एकमेकींजवळून जात असताना दाराशी लटकलेले प्रवासी खाली पडले. चार जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. ते कुणाचे तरी कमावते होते, रोजीसाठी निघालेले होते. २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. तेव्हापासून जलद लोकल मुंब्रा स्थानकातून धावतात, पण बहुतेक न थांबता. रेल्वेकडे मागणी करीत राहणे आवश्यकच आहे. परंतु मागणी पूर्ण होईपर्यंत दारात लटकणाऱ्या तरुणाचे काय?

याचे एक उत्तर व्यापाऱ्यांच्या हातात आहे. भिवंडीचे माग कौसापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहेत. कापड तेथे विणले जाते, विकायला मुंबईला जाते, आणि शिवायला पुन्हा कुठे तरी उपनगरात येते. कौसात शिलाई, हातभरत आणि पॅकिंग जाणणारे कारागीर आहेत. घरी बसून काम करू इच्छिणाऱ्या भगिनी तर घरोघरी आहेत. ज्या बंधूंचे रेडिमेडचे काम आहे त्यांनी दहा मशीनचा एक कारखाना मुंबईतील महागड्या जागेतून येथे हलवला, तर दहा माणसांचे रोजचे दोन-अडीच तास वाचतात. ते तास कामात आणि घरात येतात.

जॉबवर्क करणाऱ्या कारागिरांनी एक गोष्ट अवश्य करावी. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे आणि आधार क्रमांकावर होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास व्याज मागता येते. "पुढच्या महिन्यात देतो" हे ऐकून ज्यांचे कान पिकले आहेत, त्यांनी हे माहीत करून घ्यावे. मात्र माल दिल्याची पावती हातात हवी. पावतीशिवाय कायदा मुका आहे.

कागद नाही तर पाया नाही

आता त्या अवघड विषयाकडे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत इमारत कोसळली. सत्तरहून अधिक माणसे मृत्यू पावली, त्यांत लहान मुलेही होती. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून शीळ भागातील अनधिकृत इमारती पाडण्याची कारवाई सुरू झाली आणि आयुष्याची कमाई घालून घर घेतलेली कुटुंबे रस्त्यावर आली. बांधणारा कधीच पैसे घेऊन निघून गेलेला असतो.

आम्ही हे दुसऱ्यांना शिकवण्यासाठी लिहीत नाही, स्वतः ठेच खाऊन लिहितो. काही वर्षांपूर्वी आम्ही या भागात एक गाळा पाहिला. जागा मोक्याची, भाव वाजवी. बयाना दिला आणि उरलेली रक्कम बँकेकडून कर्जाने उचलायचे ठरवले. साठेकरार मराठीत होता. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मराठी आम्ही बाजारात शिकलो, बोलतो आणि हिशेबही लिहितो, पण कायद्याची मराठी वाचण्याचा सराव नव्हता. दलाल म्हणाला, "शेठ, सगळे ठीक आहे," आणि लाजेपोटी आम्ही "वाचून दाखव" म्हटले नाही. सही केली. बँकेने इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र मागितले. ते नव्हतेच, बांधकामाची मंजुरीही अर्धीच होती. कर्ज नाकारले गेले. मग करार जाणत्या माणसाकडून वाचून घेतला तेव्हा कळले की ९० दिवसांत पूर्ण रक्कम न दिल्यास बयाना जप्त होईल, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. बयाना गेला. विकणाऱ्याने लबाडी केली हे खरे, पण न वाचता सही करणारा हात आमचाच होता.

यावरून जे शिकलो ते येथे देतो. गाळा किंवा घर घेण्यापूर्वी जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, महापालिकेचा मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहा. प्रती हातात देऊन विकणारा "अस्सल आहेत" म्हणेल. महापालिकेत जाऊन स्वतः खात्री करा. मालमत्ता कराची पावती आणि विजेचे बिल म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, हा गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे. नवे बांधकाम असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. भाड्याने घेत असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. आणि करार ज्या भाषेत असेल ती भाषा जाणणाऱ्याकडून शब्द न् शब्द वाचून घ्या. आपल्या मुलांपैकी कुणी तरी मराठी शाळेत किंवा कॉलेजात शिकलेले असते. त्याला शेजारी बसवण्यात कसली लाज?

कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत सूरह बकरहमध्ये आहे आणि तिचा विषय उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे व साक्षीदार करणे हा आहे, हे आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकतो. ऐकून घरी येतो आणि लाखाचा व्यवहार तोंडी करतो. भरवसा ठेवणे चांगलेच, पण लिहिण्याचा हुकूम भरवशाच्या माणसांनाच दिलेला आहे.

कौसाने एका पिढीत निवारा दिला, हे त्याचे मोठे काम. ज्यांना कुठे जागा नव्हती त्यांना येथे जागा मिळाली. आता पुढच्या पिढीने या निवाऱ्याचा बाजार करावा. काम घराजवळ आणावे, कमाईचा काही भाग येथेच फिरवावा आणि पायाखालची जमीन कागदावर पक्की करावी. एवढे झाले तर रात्री साडेआठची गाडी मुंब्र्याला थांबेल तेव्हा तिच्यातून उतरणारे थोडे कमी असतील, आणि दुकानाच्या दिव्याखाली बसून आपल्याच वस्तीत कमावणारे थोडे जास्त. अल्लाह तआला आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.