उजळाईवाडीची धावपट्टी

कोल्हापूरचं विमानतळ संस्थानकाळातलं. छत्रपती राजाराम महाराजांनी 1939 मध्ये उजळाईवाडीच्या माळावर ते सुरू केलं. स्वातंत्र्यानंतर मात्र प्रवासी सेवा कधी सुरू, कधी बंद अशीच राहिली. 2013 मध्ये ते भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेलं आणि 2018 मध्ये केंद्राच्या प्रादेशिक विमानसेवेसाठीच्या ‘उडान’ योजनेतून नियमित फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

खरी अडचण लांबीची. जुनी धावपट्टी जेमतेम 1,370 मीटर. तेवढ्यात एटीआरसारखी पंख्याची विमानंच उतरणार, मोठी जेट नव्हे. ती वाढवून 1,930 मीटर केली. पुढच्या वाढीसाठी पुन्हा भूसंपादन आलंच. धावपट्टीबरोबर इमारतही बदलली: मार्च 2024 मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. त्याच्या दगडी कमानी थेट करवीरच्या राजवाड्यांची आठवण करून देणाऱ्या. सरकारी इमारतीत असा नखरा क्वचितच दिसतो.