आठवा बिट कुर्डुवाडीला राहिला

ढोकीहून एका आजोबांनी विचारलंय: नात रशियात डॉक्टरकी शिकते. तिच्या कॉलेजची ई-मेल घरच्या जुन्या विंडोज ९८ वर उघडली की नुसता अक्षरांचा चिवडा दिसतो. व्हायरस शिरलाय का?

नाही. आजोबांनी बार्शी लाइट पाहिली असेल, तर हा घोटाळा त्यांना चटकन कळेल. ढोकीवरून जाणारी ती अडीच फुटी गाडी १९११ साली लातूरला पोचली. तिच्यासाठी कुर्डुवाडीला मोठ्या रुळांवरचा माल उतरवून लहान डब्यांत भरावा लागे. ई-मेलचा रूळही असाच अरुंद. १९८२ च्या नियमानुसार एका अक्षराला सातच बिट. इंग्रजीचं त्यात भागतं; रशियनला आठवा लागतो, आणि वाटेतला एखादा सर्व्हर तो निमूट काढून टाकी. १९९२ साली ई-मेलसाठी 'माइम' हे मानक आलं, तेव्हा कुठे तीन बाइटांचा माल चार अरुंद अक्षरांत बांधून धाडायची सोय झाली.

पण सोव्हिएत अभियंत्यांचं डोकं बघा! त्यांचा 'कोई-८' हा संकेत १९७४ चा, म्हणजे त्या नियमाच्याही आधीचा. त्यात अक्षरं रशियन मुळाक्षरांच्या क्रमाने लावलेलीच नाहीत. बहुतेक अक्षरं त्यांच्या उच्चाराच्या रोमन अक्षरांशी जोडून बसवलीयत. फरक फक्त आठव्या बिटाचा. बिट गळाला तरी 'प्रिव्हेत', म्हणजे 'नमस्कार', रोमनमध्ये वाचता येतो. कॅपिटल-स्मॉल तेवढं उलटं होतं. माल सांडणार हे धरूनच बांधलेलं असं गाठोडं मी दुसरं पाहिलेलं नाही.

पुढे मायक्रोसॉफ्टने १२५१ हा आपला निराळा संकेत आणला. एका कोष्टकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचलं की चिवडा झालाच. रशियन लोक त्याला 'क्राकोझ्याब्री' म्हणतात.

आपण हसायचं कारण नाही. 'कृतिदेव' या फॉन्टमध्ये टाइप केलेलं 'ढोकी' संगणकाच्या लेखी काय असतं? 'पेक्षा लहान'चं चिन्ह, पुढे के, एस, डी, एच. वेबपेजच्या कोडमध्ये ते तसंच चिकटवलं तर ब्राउझरला ती टॅगची सुरुवात वाटते, आणि अख्खं गाव गडप! भारतीय लिप्यांसाठी १९९१ चं 'इस्की' मानक होतं, पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्डही होतं. डीटीपीवाल्यांनी मात्र फॉन्टचा मुखवटा पसंत केला.

आता आजोबांचं काम. मेल उघडा, 'व्ह्यू'मधल्या 'एन्कोडिंग'मध्ये जा. आधी कोई८-आर निवडा, नाही जमलं तर विंडोज १२५१, मग यूटीएफ-८. चौकोन दिसत असतील तर रशियन फॉन्टच नाही. कंट्रोल पॅनलमधून विंडोजच्या सीडीवरचा 'मल्टिलँग्वेज सपोर्ट' टाकून घ्या. आणि नुसती प्रश्नचिन्हंच असली, तर अक्षरं बहुधा वाटेतच गेली. कुठल्याही सेटिंगने ती परत यायची नाहीत. नातीला मेल पुन्हा पाठवायला सांगा.