दुसऱ्या दिवशीची घागर

इनामगावला घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्या पथकाला तिथं तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, धान्याची पेवं आणि नदीचं पाणी वळवणारा पाट सापडला. मातीखालचा हा पाट उजेडात येत होता, त्याच काळात १९७२चा दुष्काळ पडला. तेव्हा पुण्याहून निघालेले काही कार्यकर्ते महाराष्ट्रातल्या खेड्यांत एकच गोष्ट विचारत होते, की या गावात कोण कुठल्या विहिरीवर पाणी भरतं?

ते डॉ. बाबा आढावांचे सहकारी. हमाल पंचायत उभी करणाऱ्या आढावांनी महात्मा फुले समता प्रतिष्ठानच्या वतीने ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम हाती घेतली होती. कायद्यांची तोवर कमतरता नव्हती. १९२३ला सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव झाला होता, १९२७ला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह, पुढे संविधानाचं सतरावं कलम, १९५५चा अस्पृश्यता कायदा. तरी दलित बाई विहिरीपासून दूर घागर ठेवून उभी राही. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जाई.

कार्यकर्ते गावात जात, पाणवठे पाहत, सरपंचाशी आणि तरुणांशी बोलत, सभा घेत. मग सगळ्यांनी मिळून एका विहिरीवर पाणी भरायचं. मला मात्र खरी कसोटी वाटते ती दुसऱ्या दिवसाची. पाहुणे परतलेले, आणि जिच्या घरची मजुरी गावातल्याच बागायतदाराच्या शेतावर, ती बाई एकटी घागर घेऊन निघायची. कामावरून काढलं, किराणा बंद झाला, तर झळ तिच्याच चुलीला. मोहिमेच्या अहिंसक मार्गाचा सगळा भार तिच्या डोक्यावर होता. वर्तमानपत्रांत सभा छापून आल्या. तिचं नाव मला कुठे नोंदलेलं सापडलं नाही, आणि या चळवळीचा मागोवा घेताना हीच उणीव मला सर्वांत जास्त सलते. ती एकटी पडू नये म्हणूनच कार्यकर्त्यांना गावात पुन्हापुन्हा जाणं भाग होतं.

१९७४ला हमाल पंचायतीने कष्टकऱ्यांसाठी ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त जेवणाचं केंद्र सुरू केलं. आढाव थकले नाहीत. नोव्हेंबर २०२४मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ते फुलेवाड्यात आत्मक्लेश उपोषणाला बसले. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद याच वाड्यातला. डिसेंबर २०२५मध्ये आढाव गेले.

आता बहुतेक गावांत नळ आले, त्यामुळे विहिरीवरची भांडणं दिसेनाशी झाली. पण जातीची तेढ संपली नाही. इनामगाव ज्या शिरूर तालुक्यात येतं, त्याच तालुक्यात कोरेगाव भीमाला १ जानेवारी २०१८ रोजी जातीय हिंसा उसळली. बंदोबस्त लावून ती शमवता आली. एकमेकांच्या दारातली उठबस मात्र त्याआधी, रोजच्या रोज सांभाळावी लागते. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा तो कुठल्या आळीत उभा राहतो, दलित वस्तीपर्यंत पाइप पोचतो का, हे आजही जाऊन पाहावं लागतं, आणि महिन्याने परत जाऊन पुन्हा पाहावं लागतं.