विश्लेषण : आलेख-कागदावरचा साधा नियम गणितज्ञांना का सुटत नाही?

आलेख-कागदावर एका बिंदूपासून रेषांवरून चालायला सुरुवात करायची. अट एकच – एकदा गाठलेल्या बिंदूवर पुन्हा जायचे नाही. खेळ वाटणाऱ्या या अटीने शास्त्रज्ञांना ७० हून अधिक वर्षे गुंतवून ठेवले आहे.

प्रश्न नेमका काय?
या चालीला ‘सेल्फ-अव्हॉयडिंग वॉक’ म्हणतात. एका पावलाचे ४, दोन पावलांचे १२ आणि तीन पावलांचे ३६ मार्ग होतात. चौथ्या पावलाला १०८ ऐवजी १००च उरतात. कारण ८ मार्ग चौकोन पूर्ण करून मूळ बिंदूवर परततात. दहा पावलांचे मार्ग ४४,१००. कितीही पावलांसाठी चालेल असे सूत्र मात्र कुणाकडेच नाही.

याचा उपयोग कुठे?
प्लास्टिक, रबर यांचे रेणू म्हणजे लांब साखळ्या. साखळीचे दोन दुवे एकाच जागी बसू शकत नाहीत, म्हणून द्रावणात ती फुगते. रसायनशास्त्राचे नोबेल (१९७४) मिळवणारे पॉल फ्लोरी यांनी हा फुगवटा किती, याचा अंदाज मांडला. साध्या यादृच्छिक चालीत पावले चौपट केली, की अंतर सरासरी दुप्पट होते. ही अट घातली, की ते प्रतलावर सुमारे २.८ पट आणि त्रिमितीत सुमारे २.२६ पट होते.

‘क्रांतिक वर्तन’ म्हणजे काय?
जाळी चौकोनी असो वा मधाच्या पोळ्यासारखी, मार्गांची संख्या बदलते. पण अंतर वाढण्याचा घातांक तोच राहतो. प्रतलावर तो ३/४ मानला जातो. क्रांतिक तापमानाजवळच्या चुंबकाचे गणितही याच घराण्यातले आहे, हे पिएर-जिल द जेन यांनी १९७२ मध्ये दाखवले.

सिद्ध काय झाले?
पोळ्याच्या जाळीवर दर पावलाला मार्गांची संख्या सरासरी १.८४८ पट होते, असे बर्नार्ड निएनहाऊस यांनी १९८२ मध्ये सांगितले होते. ह्युगो डुमिनिल-कोपिन आणि स्टानिस्लाव स्मिर्नोव्ह यांनी २०१० मध्ये ते सिद्ध केले. पाच किंवा अधिक मितींत ही चाल साध्या चालीसारखीच वागते, हे ताकाशी हारा आणि गॉर्डन स्लेड यांनी दाखवले.

मग अडले कुठे?
साधी चाल मागचे विसरते. इथे प्रत्येक पावलाला सगळा मागचा मार्ग लक्षात ठेवावा लागतो. त्यामुळे नेहमीची गणिती साधने थकतात. संगणकाची आकडेमोड ३/४ या घातांकाशी जुळते, पण सिद्धता नाही. त्रिमितीत तर ०.५८८ च्या आसपासचा आकडाच हाती आहे, नेमके सूत्र नाही. प्रत्यक्षातले रेणू मात्र त्याच त्रिमितीत राहतात.