सुंदरबन (बांगला देश) : पर्यावरणविषयक संशोधन

गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशातील कच्छ वनश्रीच्या (खारफुटीच्या) विस्तीर्ण अरण्यास सुंदरबन म्हणतात. त्याच्या सु. १०,००० चौ. किमी. क्षेत्रापैकी सु. ६,००० चौ. किमी. क्षेत्र बांगला देशाच्या खुलना, सातखीरा व बागेरहाट या जिल्ह्यांत असून उर्वरित भाग भारताच्या पश्चिम बंगाल राज्यात मोडतो. बांगला देशातील अरण्याचा १९९२ मध्ये रामसर पाणथळांच्या यादीत समावेश झाला व १९९७ मध्ये त्याच्या काही भागास जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. आरंभीचे संशोधन मुख्यतः इमारती लाकूड किती मिळेल, या हेतूने होत असे. पुढे वृक्षतोडीवर निर्बंध आले आणि समुद्राची पातळी वाढत असता हे अरण्य व त्यालगतची दाट वस्ती कशी तगून राहील, हा संशोधनाचा प्रमुख विषय बनला.

सुंदरी हा येथील मुख्य वृक्ष असून त्याला गोड्या पाण्याचा पुरवठा मानवतो. अरण्याच्या पूर्वेकडील खाड्यांत लवणता कमी असल्याने तेथे तो उंच वाढतो. पश्चिमेकडे मात्र गेवा व गरान या क्षारसहिष्णू जातींचे प्राबल्य आढळते. या भागास गोडे पाणी पुरविणारा प्रमुख प्रवाह म्हणजे गंगेची गडाई ही शाखा. भारतातील फराक्का बंधारा १९७५ मध्ये कार्यान्वित झाल्यानंतर कोरड्या ऋतूतील तिचा प्रवाह बराच घटला. तथापि सर्व दोष बंधाऱ्यावर टाकणे योग्य ठरणार नाही. गडाईच्या मुखाशी गाळ साचण्याची क्रियाही त्यास कारणीभूत आहे. सुंदरीचे शेंडे वाळत जाण्याच्या रोगाविषयीही असेच म्हणता येईल. वाढती लवणता हे त्याचे एक कारण मानले जाते; परंतु श्वसनमुळे गाळाखाली गाडली जाणे व कवकांचा प्रादुर्भाव यांचाही त्यात वाटा असावा, असे अभ्यासकांना आढळले आहे.

अरण्य व वस्ती यांच्या पातळींच्या तुलनेतून निघालेला निष्कर्ष विशेष उद्‌बोधक आहे. १९६० नंतरच्या दशकांत किनारी प्रदेशात मातीचे बांध घालून शेतजमिनी भरतीच्या पाण्यापासून सुरक्षित करण्यात आल्या. अशा बांधबंदिस्त भूभागांस ‘पोल्डर’ म्हणतात व त्यांची संख्या १३९ आहे. कोकणातील खारभूमीचे बांध ज्याने पाहिले आहेत, त्यास ही योजना अपरिचित वाटणार नाही. भातपीक वाढले, परंतु भरतीबरोबर येणारा गाळही बांधाबाहेरच अडला. आतील माती दबत गेली, तर बाहेरील नदीपात्रे गाळाने भरून आली. खुलना जिल्ह्यातील दाकोप भागातील ३२ क्रमांकाच्या पोल्डरची मोजणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत तेथील जमीन शेजारच्या अरण्याहून १ ते १.५ मी. खाली गेल्याचे दिसून आले. भरतीस खुले असलेले अरण्य मात्र दरवर्षी गाळाचा थर घेऊन आपली पातळी बव्हंशी राखून आहे. मे २००९ मधील ‘आयला’ चक्रीवादळात याच पोल्डरचे बांध फुटले. ते पूर्ववत होण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली आणि तोपर्यंत हजारो कुटुंबे बांधांवर झोपड्या करून राहिली. त्या अवधीत आत अनेक दशकांच्या साचणीएवढा गाळ बसला, ही गोष्ट लोकांच्या हालअपेष्टांइतकीच खरी आहे.

वन्यजीवांच्या गणनेतील आकडे वाचताना पद्धतीकडे लक्ष देणे आवश्यक असते. २००४ मध्ये पाऊलठशांवरून वाघांची संख्या ४४० सांगण्यात आली. स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या गणनेचा २०१५ मधील अंदाज १०६ होता. या दोन आकड्यांतील फरक म्हणजे तेवढ्या वाघांचा नाश, असा अर्थ काढणे चूक होय. भरतीने पुसट होणाऱ्या चिखलातील ठशांवरून एकच वाघ अनेकदा मोजला जाण्याचा संभव मोठा असतो. कॅमेरापद्धतीनेच २०१८ मध्ये ११४ व २०२४ मध्ये १२५ असे अंदाज जाहीर झाले. त्यांची परस्परांशी तुलना करता येते. गंगा डॉल्फिन व इरावती डॉल्फिन या दोहोंसाठी पूर्व भागातील काही प्रवाह २०१२ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. बारशिंगा व गेंडा हे प्राणी येथून पूर्वीच नष्ट झाले आहेत.

चक्रीवादळातील लाटांचा जोर हे अरण्य कमी करते. परंतु जीवितहानी घटण्याचे श्रेय केवळ त्यास देता येत नाही. १९७० च्या वादळात तीन लाखांहून अधिक माणसे दगावली. नोव्हेंबर २००७ मधील ‘सिद्र’ वादळात मृतांची संख्या सु. ३,४०० होती. मधल्या काळात उभी राहिलेली पूर्वसूचना-यंत्रणा, स्वयंसेवकांची पथके व निवारे यांचा हा परिणाम होय. वादळातून वाचलेल्यांपुढे खाऱ्या पाण्याचे संकट मात्र कायम राहते. १९७३ मध्ये क्षारबाधित जमीन ८.३३ लक्ष हेक्टर होती, ती २००९ मध्ये १०.५६ लक्ष हेक्टर झाली. दाकोप भागातील गर्भवती स्त्रियांच्या पाहणीत पिण्याच्या पाण्यातील मीठ आणि उच्च रक्तदाब यांचा संबंध आढळला. बांगला देश भात संशोधन संस्थेने क्षार सहन करणारी भाताची वाणे तयार केली आहेत; पिण्याच्या पाण्याला असा पर्याय नाही आणि पावसाचे पाणी साठविण्यावरच अनेक गावांची भिस्त आहे.

गाळ पुन्हा आत घेण्याची कल्पना प्रथम अमलात आणली ती शेतकऱ्यांनी, अभियंत्यांनी नव्हे. पाणी तुंबून शेते बुडाल्याने १९९७ मध्ये भायना बिलाचा (खोलगट पाणथळाचा) बांध स्थानिक लोकांनी कापला. चारएक वर्षांत कापलेल्या तोंडाजवळची जमीन मीटरहून अधिक उंचावली व नदीचे पात्रही खोल झाले. दूरची जमीन मात्र फारशी वर आली नाही. पुढे शासनानेही ही पद्धत स्वीकारली. परंतु गाळ भरेपर्यंत ज्याचे शेत काही वर्षे पाण्याखाली राहते, त्यास भरपाई कोणी व केव्हा द्यावी, या प्रश्नावरून काही बिलांतील शेतकऱ्यांनी तिला विरोध केला आहे.