ठिपका खाली, गळती वर

माझ्दाची पहिल्या पिढीची एमएक्स-५ (१९८९ ते १९९७) आता पंचविशी ओलांडून गेली आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली तेलाचा ठिपका दिसला, की मेकॅनिक म्हणतो, "क्रँकचं मागचं सील गेलं." म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं, खिसाही रिकामा झाला! जरा थांबा. तेल वरून ओघळतं, धावत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो; ठिपका पडतो तिथेच गळती असेल असं नाही.

आधी इंजिन डिग्रीझरने स्वच्छ धुवा. तेलात अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळा, गाडी थोडी फिरवून आणा आणि अतिनील टॉर्च मारा. चमकणारी रेघ धरून वर वर जा. या गाडीत ती बऱ्याचदा सिलिंडर हेडच्या मागे, कॅम अँगल सेन्सरपाशी पोचते. तिथली रबरी ओ-रिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक आणि चपटी होते, मग फटीतून तेल झिरपतं.

रिंग अगदी स्वस्त. सेन्सर काढण्यापूर्वी मात्र त्याच्या जागेवर खूण करून ठेवा. तो जरा जरी फिरला, तरी इग्निशनचं टायमिंग बदलतं.