तोफेतून अंतराळात सामान?

रॉकेटच्या वजनात मोठा वाटा इंधनाचाच असतो. म्हणून खर्च वाढतो. मग सामान तोफेनेच वर फेकले तर? कॅनडाचे अभियंते जेराल्ड बुल यांनी ते करून पाहिले. नोव्हेंबर १९६६ मध्ये अमेरिकेतील युमा येथे त्यांच्या १६ इंची तोफेचा गोळा १८० किलोमीटर उंच गेला. पण परत खाली आला. पृथ्वीभोवती फिरत राहायला सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग हवा, आणि वर पोहोचल्यावर कक्षेत वळवायला छोटे रॉकेटही.

शिवाय तोफेचा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट असतो. नऊ पटीलाच मेंदूचा रक्तपुरवठा घटून लढाऊ वैमानिकाची शुद्ध हरपू शकते. त्यामुळे पाणी, इंधन, मजबूत उपकरणे तोफेने जाऊ शकतील. माणूस मात्र नाही.